तळाचा मासा टिकत नाही? टाकीचा तळ कुणाचा आहे ते आधी बघा

"ऑस्करच्या टाकीत सकर टाकला, आठवड्याभरात मेला. दुसरा टाकला, तोही गेला. आता कुठला मासा आणू?" फोंड्यापासून पेडण्यापर्यंत ज्यांच्या घरी ऑस्करसारख्या मोठ्या सिक्लिड जातीच्या माशांची टाकी आहे, त्यांच्याकडून हा प्रश्न वारंवार येतो. सकर म्हणजे तळाशी राहणारा, काचेला चिकटून बसणारा मासा. कधी ऑस्करच्या जागी फ्लॉवरहॉर्न असतो, कधी पॅरट, कधी आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले रंगीत सिक्लिड. माझं उत्तर प्रत्येक वेळी तेच असतं: सध्या काही आणू नका. आधीचा कशाने मेला हे कळल्याशिवाय आणलेला मासा त्याच वाटेने जातो. पैसे तर जातातच, पण एक जिवंत प्राणी आपल्या घाईमुळे हालहाल होऊन मरतो, हे मला जास्त लागतं.

मेलेला मासा काय सांगतो

मेलेला मासा लगेच फेकू नका. पांढऱ्या ताटलीत घ्या, खिडकीच्या उजेडात धरा आणि शेपटीपासून तोंडापर्यंत नीट बघा. शेपटीच्या काड्या शिल्लक आहेत पण मधला पडदा गेलाय, पाठीचा पंख मुळाशी लाल झालाय, असं दिसलं तर त्याला मारून मारून मारलेलं आहे. सकरच्या अंगावर हाडाच्या पट्ट्यांचं कवच असतं. सिक्लिडचे दात तिथे लागत नाहीत, म्हणून तो मऊ जागा शोधतो, म्हणजे पंख आणि डोळे. मात्र नुसते डोळे गेलेले असतील आणि पंख धड असतील, तर निष्कर्ष काढायची घाई करू नका. मेलेल्या माशाचे डोळे टाकीतले बाकीचे मासे आधी खातात.

मग त्याला उलटा करून पोट बघा. खाऊनपिऊन असलेल्या सकरचं पोट सपाट किंवा किंचित फुगीर असतं. छातीच्या पंखांमागे खळगा पडला असेल, डोळे आत गेले असतील, तर तो उपाशी मेला. हे एका दिवसात होत नाही, आठवडे लागतात, आणि तोवर तो काचेला चिकटून शांत बसलेला असल्यामुळे घरच्यांना सगळं ठीकच वाटतं.

अंगावर ओरखडा नाही, पोटही भरलेलं आहे, आणि आणल्यापासून एक-दोन दिवसांत मेला: दोष पाण्यात. मासा सापडलाच नाही: गिळला गेला. पण तसं म्हणण्याआधी टाकीच्या मागे आणि कपाटाखाली बघा, कारण लोच आणि बिचिर हे लांबट मासे झाकणाच्या फटीतून बाहेर पडतात. आणि वीज गेलेल्या रात्रीनंतर सकाळी बरेच मासे एकदम मेलेले मिळाले, तर तो प्राणवायूचा प्रश्न आहे, स्वभावाचा नाही.

तळाला मालक असतो

सिक्लिड मासे तळाशी संसार मांडतात. कॉन्व्हिक्ट, जॅक डेम्प्सी, रेड डेव्हिल, फ्लॉवरहॉर्न हे सपाट दगडावर किंवा वाळू उकरून केलेल्या खड्ड्यात अंडी घालतात आणि मग त्या जागेची राखण करतात. जोडी नसली तरी मोठा नर तळाचा एक कोपरा आपला म्हणून धरतोच. वरून पोहत जाणारा मासा त्या जागेवरून नुसता जातो. तळाचा मासा तिथे मुक्कामाला येतो. म्हणून मार त्यालाच बसतो.

यातूनच टाकीच्या आकाराचं महत्त्व कळतं. किती लिटर पाणी आहे याच्याइतकंच तळाचं क्षेत्रफळ किती हे बघायला हवं. दुकानात उंच, अरुंद टाक्या दिसायला छान दिसतात, पण त्यात तळ एवढासाच असतो आणि एकच मासा तो सगळा व्यापतो. ऑस्करसोबत तळाचा मासा ठेवायचा असेल तर 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच ही मी किमान टाकी मानतो. तिच्यात सुमारे 255 लिटर पाणी मावतं. 2 फुटी टाकीत (साधारण 55 लिटर) मोठा सिक्लिड आणि तळाचा मासा एकत्र ठेवायचा कुठलाही उपाय माझ्याकडे नाही, आणि कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका.

लपायच्या जागा माशांपेक्षा जास्त हव्यात, आणि प्रत्येक जागेला दोन तोंडं हवीत. एकच तोंड असलेली गुहा म्हणजे सापळा: सिक्लिड दारात उभा राहतो आणि आतला मासा अडकतो. आपल्याकडे यासाठी महागडी शोभेची सामग्री घ्यावी लागत नाही. जुन्या घरांवरची मंगळुरी कौलं गोव्यात कुठेही मिळतात. ती घासून, उन्हात वाळवून तळाशी एकमेकांवर तिरपी टेकवली की सकर आणि सिनोडोन्टिस (तळाशी राहणारा आफ्रिकी कॅटफिश) त्यांच्या खालच्या बाजूला पोट चिकटवून बसतात. शेवाळ चढलेली कौलं मात्र आधी उकळत्या पाण्याने धुवा, आणि रंग दिलेली घेऊच नका. अर्धी करवंटी उकळून, तिला दोन बाजूंना भोकं पाडून ठेवली तर ब्रिसलनोजला, म्हणजे सकरच्या लहान जातभाईला, पुरते. पीव्हीसी पाइपचे तुकडे दिसायला ओबडधोबड, पण कामाला सगळ्यांत चांगले. चिऱ्याचे तुकडे मी टाळतो. जांभ्याच्या धारदार खरबरीत कडांवर लोचच्या मिशा सोलवटतात आणि लाल भुकटी फिल्टरमध्ये बसते. ऑस्कर वाळू उकरतो, म्हणून जड वस्तू वाळूवर न ठेवता थेट टाकीच्या तळाच्या काचेवर, खाली थर्माकोलची पातळ पट्टी घालून टेकवा. वाळूवर ठेवलेलं कौल घसरलं की खाली बसलेला मासा चिरडतो.

"घाण खातो" हे डोक्यातून काढा

सकर माशांची घाण खातो, असं दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सांगतात. माशांची विष्ठा खाऊन जगणारा मासा तुम्हाला कुठल्याही दुकानात मिळणार नाही. सकर शेवाळ, लाकूड, भाज्या आणि तळाशी पडलेलं खाणं खातो, आणि स्वतः भरपूर विष्ठा करतो. म्हणजे टाकीतली घाण कमी व्हावी म्हणून आणलेल्या सकरमुळे ती वाढते. साफसफाई हवी असेल तर आठवड्याला पाइपने तळ ओढून पाणी बदला. ते काम कुठलाही मासा करत नाही.

ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्नच्या टाकीत गोळ्या वरच संपतात, तळापर्यंत काही पोचत नाही. त्यामुळे तळाच्या माशाला वेगळं जेवण द्यावं लागतं, आणि तेही दिवे बंद झाल्यावर. सिक्लिड दिवसाचे मासे आहेत, अंधारात ते मंदावतात. सकर, सिनोडोन्टिस, राफेल हे रात्री बाहेर येतात. दिवा बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा, मग बुडणाऱ्या गोळ्या टाकीच्या दोन्ही टोकांना टाका. सकर आणि ब्रिसलनोजला दुधी, काकडी किंवा कोहळ्याची फोड वाफवून, काट्याला अडकवून द्या आणि सकाळी उरलेली काढून घ्या. गोव्याच्या उकाड्यात ती दुपारपर्यंत कुजून पाणी बिघडवते. मग टॉर्चवर लाल कागद लावून बघा. लाल प्रकाशात मासे फारसे बिथरत नाहीत आणि कोण कुठे खातंय, कोण कोपऱ्यात दबून आहे हे कळतं. ज्याला काही दिवस बाहेर येताना पाहिलंच नाही, त्याची काळजी करायची वेळ झाली आहे.

उपाशी सकर आणखी एक करतो: रात्री ऑस्करच्या किंवा पॅरटच्या रुंद अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो. सकाळी ऑस्करच्या कुशीवर गोल, पांढरट डाग दिसले तर औषध आणण्याआधी सकरचं पोट बघा. पिवळा, लांबट शेवाळखाऊ मासा, जो सकर म्हणूनच विकला जातो, तो मोठा झाल्यावर भरल्या पोटीही हे करतो. तो नकोच.

कुणाबरोबर कोण

ऑस्कर भांडखोर कमी आणि खादाड जास्त. तोंडात मावेल ते तो गिळतो, आणि त्याचं तोंड वाटतं त्यापेक्षा बरंच उघडतं. पूर्ण वाढलेला ऑस्कर 30 सेंटिमीटरच्या आसपास जातो. त्याच्याबरोबर ठेवायचा मासा विकत घेतानाच 12 ते 15 सेंटिमीटरचा असावा, "वाढेल हळूहळू" म्हणून बोटाएवढा आणू नये. फेदरफिन सिनोडोन्टिस ही माझी पहिली पसंती: दणकट, 20 सेंटिमीटरच्या वर जाणारा, अंगचा ताठ, आणि कोपऱ्यात धरलं तर उलट उभा राहणारा. राफेल कॅटफिश दिवसा दिसणार नाही, पण त्याच्या कुशीवरच्या काटेरी कवचामुळे त्याच्या वाट्याला कुणी जात नाही. सेनेगल बिचिरही चांगला जमतो. त्याचे खवले चिलखतासारखे घट्ट असतात आणि तो वर येऊन हवा घेतो, म्हणून वीज गेल्यावरही तग धरतो. झाकण मात्र घट्ट हवं.

पॅरटचं तोंड जन्मतःच वेडंवाकडं, त्याला नीट चावताच येत नाही. त्याच्या टाकीत ब्रिसलनोज किंवा योयो लोचचा घोळका आरामात राहतो. टायगर बार्बच्या टाकीतही योयो लोच बरा. झेब्रा लोच दिसायला सुंदर आणि स्वभावाने गरीब, पण तो फक्त आपल्या पश्चिम घाटातल्या नद्यांत सापडतो आणि आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. दुकानातला मासा पैदास केलेला की ओढ्यातून धरून आणलेला हे सांगता येत नसेल, तर मी तो घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कॉन्व्हिक्ट, ग्रीन टेरर, जॅक डेम्प्सी यांची जोडी जमली की सगळा हिशेब बदलतो. अंडी घातलेल्या दिवसापासून 4 फुटी टाकीचा अर्धा तळ त्यांचा होतो. तेवढ्या काळापुरतं मधे जाळीचं पार्टिशन घाला किंवा तळाचा मासा दुसऱ्या टाकीत हलवा.

फ्लॉवरहॉर्न आणि रेड डेव्हिलबरोबर काहीच ठेवू नका. मोठा सकर अमुक ठिकाणी वर्षभर राहिला, अशी उदाहरणं ऐकायला मिळतात. त्या सकरचे पंख आणि डोळे जवळून बघा, मग ठरवा. फ्लॉवरहॉर्न मालकाला ओळखतो, हातामागे फिरतो, एकट्यानेच टाकी भरून टाकतो. त्याला सोबतीची गरज नाही. ती हौस आपली असते.

मलावी सिक्लिडना अडचण तोंडाची नसते, पाण्याची असते. त्यांना 7.8 ते 8.6 पीएचचं, जड पाणी लागतं. त्यात राहू शकेल असा तळाचा मासा आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवरातला: सिनोडोन्टिस पेट्रिकोला किंवा मल्टिपंक्टाटस. मल्टिपंक्टाटसची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सिक्लिडची मादी अंडी तोंडात घेत असते त्या गडबडीत हा आपली अंडी त्यांत मिसळतो, मादी तीही तोंडात उबवते, आणि याची पिल्लं आधी फुटून तिची पिल्लं खातात. कोकिळेसारखी ही रीत 1986 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात पहिल्यांदा नोंदली गेली. अंगावर धावून येणाऱ्या सिक्लिडच्या घोळक्यात असा मासा निभावतो यात नवल नाही. ब्रिसलनोजही मलावीच्या पाण्याला हळूहळू सवयीने जुळवून घेतो.

कोरीडोरस यांपैकी कुठल्याही सिक्लिडबरोबर नको. त्याच्या पाठीच्या आणि छातीच्या पंखांत ताठ काटे असतात आणि धोका वाटला की तो ते उघडून अडकवतो. ऑस्करने गिळायचा प्रयत्न केला की तो घशात रुततो आणि अनेकदा दोघेही मरतात. असं झालंच तर ओढू नका, घसा फाटेल. ऑस्करला ओल्या टॉवेलात धरा, बारीक कटरने दिसणारे काटे मुळाशी तोडा, मग अडकलेला मासा अलगद बाहेर घ्या. हे सगळं मिनिटभरात, डोळे टॉवेलने झाकून करावं लागतं. राफेल आणि लहान सिनोडोन्टिसलाही असेच काटे असतात, म्हणून वर मोठा मासा घ्या असं म्हटलं.

नवा मासा दोन दिवसांत मरतो, जुने मजेत आहेत

ही तक्रार गोव्यात जास्त दिसते आणि त्याला आपलं पाणी कारण आहे. ओपा, साळावली, अस्नोड्याहून येणारं नळाचं पाणी नदीचं, म्हणून मऊ. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी तर मऊ आणि त्यात आम्लाकडे झुकलेलं. अशा पाण्यात आम्ल शोषून घेणारे कार्बोनेट फार थोडे असतात. ऑस्करच्या घाणीतून सतत आम्ल तयार होतं, कार्बोनेट संपतात, आणि पीएच हळूहळू 6 च्या खाली उतरतो. जुने मासे आठवड्या-आठवड्याने त्याला सरावलेले असतात. दुकानाच्या टाकीतून आलेला मासा एका तासात त्या पाण्यात पडतो. त्याला कुणी मारलेलं नसतं, तरी तो मरतो, आणि दोष ऑस्करवर येतो.

यात आणखी एक फास आहे. पीएच इतका उतरला की अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठतो, पण आम्ल पाण्यात तो कमी विषारी रूपात असतो. मासा मेला म्हणून घाबरून निम्मं पाणी बदललं की पीएच एकदम वर जातो, तोच साठलेला अमोनिया विषारी होतो, आणि आता जुने मासेही धापा टाकतात. म्हणून पीएच, केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) आणि अमोनिया मोजण्याचं किट घ्या. ते पुढचे कितीतरी मासे वाचवतं. पीएच उतरलेला असेल तर रोज दहा-पंधरा टक्केच पाणी बदला, क्लोरीन मारणारं औषध घालून. पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वासही जास्त येतो, तेव्हा पाणी भरून दिवसभर ठेवा, मगच वापरा.

केएच टिकवायला आपल्याकडचा उपाय स्वयंपाकघरातच आहे. तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपले फेकू नका. मीठ-मसाला पूर्ण जाईपर्यंत धुवा, उकळा, उन्हात वाळवा, ठेचून जाळीच्या पिशवीत घाला आणि फिल्टरमध्ये ठेवा. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाणी आम्ल झालं की तो आपोआप विरघळतो. ऑस्करच्या टाकीला दोन मुठी पुरे, मलावीच्या टाकीला जास्त लागेल. दोन आठवड्यांनी मोजून बघा आणि मग वाढवा. किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे मात्र आणू नका. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

उन्हाळ्याचं तेवढंच ध्यानात ठेवा की 25 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना 7.6. मे महिन्यात आपल्या टाक्या 30 च्या पुढेच असतात, आणि तळाशी साठलेली घाण कुजताना तिथलाच प्राणवायू आधी संपतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच. चवथीला मूळ घरी जाताना शेजाऱ्याकडे किल्ली दिली तर खाणं घालायला सांगू नका. धड मासे चार दिवस उपाशी सहज राहतात. वीज गेली की पंप लावायला सांगा.

नवा मासा सोडताना

तळाच्या आधीच्या मालकाच्या, म्हणजे जुन्या सिक्लिडच्या, डोक्यातला नकाशा पुसायचा. मासा आणण्याच्या दिवशी कौलं, दगड, पाइप सगळं हलवून नव्या जागी ठेवा. सिक्लिडला पोटभर खायला घाला. पिशवीतल्या माशाला टाकीचं पाणी थोडं थोडं, तासभर देत राहा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. दिवे बंद करून सोडा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लावू नका. लोच असतील तर पाच-सहा एकत्र सोडा, कारण एकटा लोच लपून लपूनच खंगतो. फेदरफिन सिनोडोन्टिस मोठ्या टाकीत एकच बरा, नाहीतर ते आपसात भांडतात.

पहिल्या आठवड्यात पंखाच्या टोकाला फाटलं तर चालेल, भरून येतं. पंख मुळाशी फाटला, मासा दिवसा फिल्टरच्या पाइपमागे उभा राहून जोरात श्वास घेतोय, किंवा पृष्ठभागाशी येऊन कोपरा सोडत नाही, तर त्याच दिवशी बाहेर काढा. "जुळवून घेतील" म्हणून वाट बघू नका.

शेवटचा मुद्दा साध्या सकरचा, कारण बहुतेकांच्या घरी तोच असतो. तो 30 ते 45 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि एक दिवस टाकीत मावेनासा होतो. तेव्हा त्याला मये तलावात, गावच्या तळ्यात किंवा ओढ्यात सोडायचा विचार मनात येतो, आणि त्यात वाईट हेतू नसतो. पण हा दक्षिण अमेरिकेतला मासा केरळ, तामिळनाडू, आंध्र आणि बंगालच्या पाण्यात आधीच पसरला आहे. तो काठाच्या मातीत खोल बिळं करून अंडी घालतो. मेक्सिको आणि फ्लोरिडात त्यामुळे काठ ढासळले आहेत. थोडं खारं पाणीही त्याला सोसतं, आणि आपल्या खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे, बांध मातीचे आहेत. म्हणून सकर मोठा झाला की ज्याच्याकडे मोठी टाकी किंवा घरामागे सिमेंटचा बंद हौद आहे त्याला द्या, नाहीतर दुकानदाराला फुकट परत करा. नवा घेताना 12 ते 15 सेंटिमीटरवर थांबणारा ब्रिसलनोज मागा. लहानपणी तो साध्या सकरसारखाच दिसतो, म्हणून पाठीचा पंख मोजा: ब्रिसलनोजच्या त्या पंखात साताच्या आसपास काड्या असतात, साध्या सकरच्या पंखात दहापेक्षा जास्त, आणि पंख शिडासारखा उंच उघडतो.